ठकूबाईला नागीण झालीच नव्हती

अन्याय झाला तो ठकूबाईवर. १९९९ सालच्या चैत्रात, आमच्या वाडीच्या यात्रेदिवशी सकाळी, बेसनाचा पहिला घाटा चुलीवरून उतरला आणि तिनं ओलं फडकं पाटावर अंथरलं, नेमकं तेव्हा. तिचे चुलत दीर बबनराव पुढं आले, फडकं तिच्या हाताखालून ओढून घेतलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमी जरा बाजूला बसा. पाणी गळतंय तुमचं."

भटारखान्यातल्या सगळ्या बायका बघत होत्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण वाडीत आता ही गोष्ट वेगळ्या चालीवर सांगितली जाते: ठकूबाई थकली होती, आपणहून उठली. ती उठली नाही. तिला उठवलं.

जुन्नर-आंबेगावच्या बाहेरच्या वाचकाला यात काय एवढं, असं वाटेल. फडकंच ते. पण आमच्याकडे यात्रा म्हटली की मासवडी. शिजवलेलं बेसन गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं, तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण भाजून कुटलेलं सारण त्यावर पसरायचं आणि फडक्यानंच दुमडून माशासारखा आकार द्यायचा. हात पोळतो म्हणून थांबलं की बेसन घट्ट होतं, घाई केली की वडी फुटते. मग रश्श्यात नुसता चिखल. वाडीत मासवडी सगळ्याच बायका करत. पण पहिलं फडकं कोण अंथरणार, हे ठरलेलं होतं. साखरपुडा असो, दहावा असो, आधी ठकूबाईला निरोप जायचा आणि मग बाजाराची पिशवी निघायची.

बाई दिसायला एवढीशी आणि आवाज असा, की पलीकडच्या आळीतली म्हैस कान टवकारेल. तिच्या हाताखाली काम करणं म्हणजे शिक्षा. कुणी सारण जास्त भरलं की, "माहेरी न्यायचीय का गं गाठोडं बांधून?" कुणी गप्पांत रमली की, "लक्ष घाट्यात हाय का गावात?" हे वाक्य ती कुणालाही टाकायची. एसटीच्या ड्रायव्हरला, शाळा तपासायला आलेल्या साहेबाला, एकदा तर कीर्तन चालू असताना बुवांना, कारण बुवांनी अभंगाचं एक चरण गाळलं होतं. जेवणाऱ्याच्या ताटाकडे टक लावून बघायची. कुणी वडी आधी खाऊन रस्सा मागं ठेवला की तो माणूस तिच्या मनातून उतरला. माझ्याबद्दल तिचं मत फार चांगलं नव्हतं. मी नारायणगावात आमच्या मंडळाचं काम करायची. व्यसन, हुंडा, अंगात येणं, अशा विषयांवर पत्रकं छापायची आणि बाजाराच्या दिवशी वाटायची. ठकूबाईनं माझं नाव टाकून दिलं होतं. मी 'पत्रकवाली'.

"पत्रकवाले, एवढं लिव्हती, भाकरी थापायला येती का?"

"येते की."

"मंग तेवढंच येत आसंल तुला नीट."

१९९६ साली पुण्यात तिच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं. कॅन्सर. काखेतल्या गाठीही काढल्या आणि नंतर किरणांचे शेक दिले. वाडी त्या वेळी चांगली वागली, हेही लिहिलंच पाहिजे. बबनरावांनी स्वतःची जीप काढली, टोमॅटोच्या तोडणीच्या दिवसांत काढली, आणि तिला पुण्याला नेलं-आणलं. बायका 'तो आजार, तो आजार' असं कुजबुजत बघायला यायच्या. ठकूबाई ओट्यावर बसून मोठ्यानं सांगायची, "कॅन्सर व्हता. एक काढून टाकला. आता या वयात मला त्येचं लोनचं घालायचं व्हतं का?" ऐकणाऱ्या बायका पदर तोंडाला लावायच्या. तिचा नवरा किसनतात्या गुपचूप उठून गोठ्यात जायचा. पुढं तिचा डावा हात सुजायला लागला. पण ती त्या हातासकट कामाला उभी राहायची. 'बांगडी चढत न्हाई तेवढीच तक्रार,' म्हणायची.

म्हणजे कॅन्सरला वाडी घाबरली नाही. घाबरली ती पाण्याला.

१९९८ च्या दिवाळीनंतर तिच्या ऑपरेशनच्या वणाजवळ, काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला बारीक फोड आले. मी ते पुढं पुण्यात पाहिले. भिजवलेला साबुदाणा कातडीवर चिकटवावा तसे, पाण्यानं भरलेले, एखाद-दुसरा लालसर. आग फारशी नाही, खाज थोडी. फुटला की स्वच्छ, जरा चिकट पाणी यायचं आणि येतच राहायचं. चोळीची बाही ओली व्हायची. ठकूबाईला सगळं चालायचं, ओली बाही चालायची नाही. म्हणून ती काय करायची? बाभळीच्या काट्यानं फोड स्वतःच फोडायची, म्हणजे एकदाच काय ते वाहून जाईल. मला हे कळलं तेव्हा मी कपाळावर हात मारला.

"मावशी, काटा? बाभळीचा?"

"मंग काय सोन्याचा आनू?"

अंगाच्या एकाच बाजूला पाण्याच्या फोडांचा पुंजका दिसला की आमच्याकडे दुसरा विचारच करत नाहीत. नागीण. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस गेला. ठकूबाईनं स्वतःच निदान केलं आणि मढच्या बाजूला नागीण उतरवणारे एक नाना होते, त्यांच्याकडे गेली. नानांनी फोडांभोवती तांबड्या कावेची रेघ ओढली, तांदूळ आणि दूर्वा वाटून लेप दिला आणि पथ्य सांगितलं. फोड सुकेपर्यंत घरात फोडणी द्यायची नाही. तेलाचा चर्रर्र आवाज नागिणीला चालत नाही.

ज्या घरात रोज लसणाची फोडणी पडायची त्या घरात उकडलेली डाळ सुरू झाली. किसनतात्या जन्मात कधी तक्रार न करणारा माणूस. तोही एक दिवस पारावर येऊन बसला आणि म्हणाला, "नागीन हिला, आन पथ्य मला." सगळा पार हसला. पण फोड सुकेनात. सुकणार कसे? शेवटी घरी पाहुणे आले आणि ठकूबाईनं आमटीला फोडणी दिली. झालं! नानांना कारण मिळालं. "बाई, तुमी नेम मोडला. आता ती बसली. माझ्या हातात काय न्हाई." आणि वाडीला कळलं की ठकूबाईची नागीण तिच्याच जिभेपायी गेली नाही.

मग ती तालुक्याच्या गावी एका डॉक्टरकडे गेली. इथं मला कुणावर जास्त चिडावं तेच कळत नाही. ही आत जाऊन म्हणाली, "नागीन झालीय." त्यांनी नागिणीच्या गोळ्या लिहिल्या. त्यांनी फोड बघायला मागितले नाहीत, हिनं पदर बाजूला केला नाही. आधी काही ऑपरेशन झालंय का, हे त्यांनी विचारलं नाही आणि हिनं सांगितलं नाही.

"का नाही सांगितलंत?"

"ते जुनं झालं की. फोड नवीन हायेत."

असं सोपं, सरळ आणि संपूर्ण चुकीचं. गोळ्यांनी काही झालं नाही, पण डॉक्टरच्या चिठ्ठीनं नागिणीवर शिक्का बसला. डॉक्टरपण म्हणतोय! आता तिला नागीण नाही असं कोण म्हणणार? विहिरीवर तिच्या पाठोपाठ कुणी घागर लावेना. पोरांना तिच्या ओट्यावर जाऊ देईनात. आणि मग आला तो चैत्र, आणि ते फडकं.

त्या दिवशी ती घरी गेली, दार लावून घेतलं आणि यात्रा संपेपर्यंत उघडलं नाही. वाडीचा रस्सा तिच्या घरी ताटानं पाठवला गेला. माणुसकी! तेवढ्यापुरतं तिनं दार उघडलं, उंबऱ्यावरूनच ते ताट म्हशीच्या आंबोणाच्या पाटीत ओतलं आणि परत लावून घेतलं. हे मात्र सगळ्या वाडीनं पाहिलं आणि 'बाई माजलीय' असा निकाल दिला.

यात्रेनंतर थोड्याच दिवसांत तिचा हात लालभडक झाला, तापला, अंगात थंडी भरली. किसनतात्या माझ्याकडे आला. दारातच उभा राहिला. "पत्रकं वाटायची तेव्हा वाट. आधी हिला कुठंतरी ने."

आम्ही तिला पुण्याला नेलं. हात पिकायच्या बेतात होता. उघड्या फोडांतून, काट्याच्या टोचण्यांतून जंतू आत गेले होते. चार-सहा दिवसांनी ताप उतरला, मग त्वचेच्या डॉक्टर आल्या. तरुण बाई होत्या. त्यांनी आधी हात धुतले, पदर बाजूला करायला सांगितला आणि भिंग घेऊन बराच वेळ बघत बसल्या. ठकूबाई अवघडून छताकडे बघत होती. शेवटी तिला राहवेना.

"बाई, लक्ष घाट्यात हाय का गावात? काय ते सांगा की."

डॉक्टरबाईंना घाटा म्हणजे काय ते कळलं नसावं, पण त्या हसल्या. म्हणाल्या, "आजी, ही नागीण नाही. नागीण येते, दुखते आणि काही आठवड्यांत जाते. हे तसं नाही." मग समजावून सांगितलं. रक्तासारखंच अंगात एक पाणीही फिरत असतं, त्याच्या बारीक नळ्या असतात. काखेतल्या गाठी काढल्या, वर किरणांनी आतली जागा कडक झाली, तेव्हा त्या पाण्याचा रस्ता अडला. म्हणून हात सुजला. आणि मागं तुंबलेलं पाणी कातडीच्या वरच्या नळ्यांत शिरून त्या फुगल्या. तेच हे फोड.

"म्हंजी चारी तुंबली," ठकूबाई म्हणाली. "कॅनलचं पानी पुढं जाईना, म्हून वावरात उपळलं."

"अगदी तसंच."

"लागन होती का कुनाला?"

"नाही. कुणालाच नाही. उलट तुम्हालाच बाहेरच्या घाणीची भीती आहे. झाकून ठेवा, टोचू नका, त्या हाताला भाजू-कापू देऊ नका. सूज दाबायला पट्टा बांधा."

मग डॉक्टरबाईंनी कातडीचा बारीकसा तुकडा तपासायला घेतला. अशा ठिकाणी कधी कधी कॅन्सरच परत आलेला असतो, नजरेनं खात्री देता येत नाही, म्हणाल्या. ते ऐकल्यावर मात्र ठकूबाईचा आवाज गेला. रिपोर्ट येईपर्यंत ती कुणाला रागावली नाही. किसनतात्या मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "आगं, ही बोलंना. मला लई भ्या वाटतंय." रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता. ठकूबाईनं ऐकलं, मान हलवली आणि पहिलं वाक्य बोलली ते किसनतात्याला, "तुमी काय रडताय? चहा आना."

मला वाटलं होतं, संपलं. कागद हातात आहे, निदान झालंय, आता वाडीत जाऊन सांगितलं की संपलं. मी किती पत्रकं वाटली होती आणि तरी मला असं वाटलं!

नवीन पत्रक लिहिलं. ते घेऊन ठकूबाईकडे गेले, कारण तिचं नाव टाकायचं की नाही हे तिलाच विचारायचं होतं. मी वाचून दाखवलं. 'लसिकावाहिन्या' या शब्दाला तिनं हात वर केला.

"ह्ये कोन वाचनार? चारी लिव्ह."

"बरं. आणि नाव?"

"टाक की. मी काय चोरी केलीय? पन ते 'पीडित महिला' काढ. मी कवा पीडित झाले?"

काढलं. पत्रकात एवढंच राहिलं: कॅन्सरचं ऑपरेशन किंवा शेक झालेल्या जागी, काही वर्षांनीसुद्धा, पाण्याचे फोड आले आणि ते जाईनात, तर काव लावत बसू नका. डॉक्टरला दाखवा, आणि दाखवताना ऑपरेशनचं आधी सांगा. हे पाणी दुसऱ्याला लागत नाही. त्या बाईला बाजूला बसवू नका. खाली: ठकूबाईला हेच झालं होतं.

बोरीच्या बाजारात वाटलं, ओझरला चतुर्थीला वाटलं. ओझरला लोकांनी घडी घालून खिशात ठेवलं, वाडीत त्यात तंबाखू बांधली. मी बबनरावांना गाठलं. रिपोर्ट दाखवला. त्यांनी चष्मा लावून वाचल्यासारखं केलं.

"आमी कुठं म्हंतोय लागन होती?"

"मग फडकं का काढून घेतलंत?"

"आगं, लोकांना किळस येती. आता लोकांच्या मनाला मी काय करू?"

"आता पट्टी बांधलेली असते. एक थेंब दिसत नाही."

"मंग तर आरामच करावा त्येंनी. डॉक्टरनंच सांगितलंय ना, हाताला चटका लागू द्येऊ नका? आमाला त्येंची काळजी न्हाई का?"

बघा! आधी लागण, लागण गेली की किळस, किळस गेली की काळजी. माणूस एक, कारणं तीन, आणि तीनही वेळा ठकूबाई बाहेर. आणि मला सगळ्यात राग याचा येतो की बबनराव वाईट माणूस नाही. पुन्हा पुण्याला न्यायचं म्हटलं असतं तर त्यानं पुन्हा जीप काढली असती. फक्त तिच्या हातचं खाल्लं नसतं.

ठकूबाईनं मात्र चटक्याचा बंदोबस्त केला होता. घरी तिनं नवी पद्धत बसवली. घाटा किसनतात्यानं हाटायचा आणि उतरवायचा, डाव्या बाजूनं फडकंही त्यानंच धरायचं. ती फक्त उजव्या हातानं थापायची. दोघांची अशी काही भांडणं व्हायची की रस्त्यावरचा माणूस थांबावा. "ताना, ताना! अहो, म्हशीचं दावं न्हाई ते!" पण वडी उतरायची ती अखंड. मी खाल्ली आहे. रस्सा आधी संपवला, उगाच रागावून घ्यायला नको.

पुढच्या वर्षीची यात्रा आली. निरोप आला तेव्हा ती उठूनच उभी राहिली. निरोप होता सत्काराचा. 'कर्करोगावर मात करणाऱ्या आदर्श महिला' म्हणून शाल, श्रीफळ आणि साडी. कुस्त्यांच्या आधी, स्टेजवर.

मी म्हटलं, जाऊ नका. ती म्हणाली, जानार. नऊवारी नेसून, हाताला पट्टा बांधून गेली. माईकवरच्या माणसानं तिला 'रणरागिणी' म्हटलं. बबनरावांनी वाकून शाल घातली, नारळ हातात दिला. टाळ्या झाल्या. मग कुणाला तरी सुचलं की दोन शब्द बोलायला लावावेत.

ठकूबाईनं माईक धरला. नारळ कानाशी नेऊन हलवला.

"ह्यो ओला हाय," ती म्हणाली. "सारनाला सुकं खोबरं लागतं, बबन."

लोक हसले. बबनरावही हसले.

"हसू नका. मी काय म्हंते, शाल नको मला. चैतात कोन शाल पांघरतं? तिकडं घाटा उतरायची येळ झाली आसंल. मला फडकं द्या आन जाऊ द्या आत."

हसणं थांबलं. स्टेजवरचे एकमेकांकडे बघायला लागले. बबनराव हळूच म्हणाले, "वहिनी, नंतर बोलू ना राव आपन."

"नंतर वड्या थंड व्हत्यात."

माईकवरच्या माणसानं 'यानंतर कुस्त्यांना सुरुवात' असं जाहीर केलं आणि हलगी वाजायला लागली. ठकूबाईनं नारळ आणि साडी खुर्चीवर ठेवली, शाल घडी करून त्यावर ठेवली आणि खाली उतरली. भटारखान्याच्या दारात दोन बायका आडव्या उभ्या होत्या. अडवत नव्हत्या, नुसत्या बाजूला होत नव्हत्या. ती क्षणभर थांबली आणि घराकडे वळली.

त्यानंतर तिनं वाडीच्या कुठल्याही कार्यात पाऊल टाकलं नाही. फोड जायचे आणि यायचे. पुण्यात दोनदा ते जाळून काढले, परत थोडे आले. डॉक्टरबाईंनी हे आधीच सांगितलं होतं. ती पट्टा बांधायची, जागा स्वच्छ ठेवायची, तपासणीची तारीख चुकवायची नाही. काटा सोडला का, असं मी विचारलं की म्हणायची, "सोडला, बाई. तू काय पोलीस हायेस का?"

२००४ साली किसनतात्या गेला. फडक्याची दुसरी बाजू धरायला कुणी राहिलं नाही. भोसरीला तिची लेक मंगल असते, ती न्यायला आली.

आळेफाट्याच्या स्टँडवर मी पोहोचवायला गेले होते. एसटीला गर्दी होती. मंगल वर चढून जागा धरत होती आणि ठकूबाई खाली उभी राहून कंडक्टरशी भांडत होती, कारण तो तिची पिशवी टपावर टाका म्हणत होता. पिशवीत तीळ होते. ती शेवटी पिशवी छातीशी धरून वर चढली, खिडकीशी बसली. मी खिडकीखाली जाऊन म्हटलं, "मावशी, यात्रेला या." तिनं माझ्याकडे बघितलं. डोळे कोरडे, ओठ घट्ट.

"कुनी बोलवलं तर यीन," म्हणाली. "तू नको बोलवू. तुझं न्हाई ते काम."

गाडी हलली. ती समोर बघत होती.

भोसरीत मंगलच्या बिल्डिंगमधल्या बायका आता तिच्याकडून मासवडी शिकतात आणि शिव्या खातात. तिच्या दंडाला पट्टा का असतो, हे तिनं त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. कुणी उठून गेलं नाही. इकडं वाडीच्या यात्रेला नारायणगावचा आचारी येतो, आणि दर वर्षी पंगतीत बसलेला प्रत्येक जण मान हलवून म्हणतो, पहिल्यासारखी चव राहिली नाही राव. बबनराव सगळ्यांत आधी म्हणतात.

ती आहे अजून. हिंडती-फिरती आहे. माझ्या बोलावण्यावर ती येणार नाही, आणि ते बरोबरच आहे. म्हणून हे तुम्हाला लिहिते आहे. तुम्ही, ज्या त्या दिवशी भटारखान्यात उभ्या होतात. तुम्ही, जे स्टेजसमोर बसून हसलात आणि मग गप्प झालात. यंदा यात्रेची बैठक बसेल, आचारी कोण सांगायचा हा विषय निघेल. तेव्हा मान खाली घालून बसू नका. उभे राहा, बबनरावांच्या तोंडावर सांगा की आपण चुकलो, आणि त्याच आठवड्यात भोसरीला जाऊन तिला घेऊन या.